उतार उघडायच्या आदल्या दिवशी

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या अंगाला, पोलादपूरहून जीपने तासभर. तिथे वाढलेल्या माणसाने बर्फावर स्कीइंग करायचा उतार तयार केला, हे सांगितलं तर लोक हसतात. पण मी तो केला. हिमाचलात, दोन महिने, माझ्या मावसभावाबरोबर.

मावसभाऊ म्हणायला, होता सख्खाच. मावशी गेली तेव्हा तो पाच वर्षांचा. आईने त्याला आमच्याकडे आणलं आणि दोघांना एका ताटात वाढलं. पुढे मी महाडला फिटरचं शिकलो, काही वर्षं रोपवेवर काम केलं. तो मुंबईत दोन-चार नोकऱ्या करून कुणाच्या तरी ओळखीने तिकडे पोचला. दसऱ्याला त्याचा फोन आला.

"ये रे हिकडं. लिफ्टचं काम हाय, तुला येतंच. बर्फ पडला की हिवाळाभर दोघं राहू."

रोपवेची नोकरी सोडून मी गेलो.

उतारावर तेव्हा नुसतं वाळकं गवत होतं. आम्ही ते कापलं, दगड वेचून कडेला टाकले. दोराला धरलेल्या माणसांना वर ओढणारी लिफ्ट होती. तिच्या पुल्या मी उतरवल्या, घासल्या, ग्रीस भरून चढवल्या. खांबांना जाड गाद्या बांधल्या, धोक्याच्या कडेला जाळ्या लावल्या. भाऊ गोदामात बुटांच्या जोड्या लावायचा. संध्याकाळी शेगडीपाशी बसलो की तो वाडीच्या गोष्टी काढायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बर्फ त्या वर्षी लवकर आला. सकाळी दार उघडलं तर दगड, पायवाट, कुंपण, काहीच दिसेना. तिथला मॅनेजर लहान मुलासारखा ओरडत आला. पडलेला बर्फ दाबून बसवावा लागतो, म्हणून आम्ही सगळे पायांना स्की बांधून आडवे उभे राहिलो आणि एकेक पाऊल तुडवत उतार चढलो. माझ्या मांड्या भरून आल्या. पण वर पोचून खाली पाहिलं, तर अख्खा उतार इस्त्री केल्यासारखा दिसत होता. मी लिफ्ट सुरू केली. दोर एकदाही अडकला नाही. मॅनेजरने माझी पाठ थोपटली.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी भाऊ धावत आला. डोळे लाल.

"वाडीतनं फोन आला. मावशी पडली रे. शुद्ध नाय."

त्याची मावशी म्हणजे माझी आई. आईकडे फोन नव्हता. शेजारच्यांना लावला तर लागेना. वाडीत रेंज मिळतच नाही, वर सड्याच्या माळावर चढावं लागतं. भावानेच माझी बॅग भरली. मॅनेजर म्हणाला, "जाओ, माँ से बढ़कर कुछ नहीं," आणि स्वतःच्या जीपने मला बसस्टँडवर सोडलं.

पुढे रेल्वेत बॅग उघडली तर कपड्यांत अक्रोडाची पिशवी. वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी : मावशीला. मी डबाभर लोकांसमोर रडलो. शुद्ध नसलेल्या बाईला अक्रोड कशाला, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

वीर स्टेशनला उतरलो, रिक्षाने महाड, पुढे एसटी, जीप. घरी आलो तर आई अंगणात नाचणी पाखडत होती.

"असा न सांगता कसा रे आलास?"

मी तिच्या हातापायांना हात लावून पाहत राहिलो. मग सड्यावर गेलो. भाऊ फोन उचलेना, म्हणून मॅनेजरला लावला.

"माँ कैसी है?" त्याने आधी हेच विचारलं. मग म्हणाला, की हंगामाला एकच माणूस ठेवायचा होता आणि त्याने माझं नाव पक्कं केलं होतं. "पर तुम्हारे भाई ने बताया, अब तुम लौटोगे नहीं."

खरं सांगितलं असतं तर भावाला त्याच दिवशी हाकललं असतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"माँ ठीक है," एवढंच मी म्हणालो आणि फोन ठेवला.

शिमग्याला तो आला. आईला काहीच माहीत नव्हतं. तिने त्याला घावने घातले. तो मान खाली घालून जेवला. नंतर गोठ्याजवळ मी त्याला गाठलं.

"एकच जागा होती रे," तो म्हणाला. "तू फिटर. तुला कुठंही काम मिळंल. मला कोण घेतो?"

"मग मला सांगायचंस. मी सोडली असती."

"नाय सोडली असतीस."

सोडली असती की नाही, मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दोन दिवसांच्या प्रवासात मी आईला मनात सरणावर ठेवून आलो होतो. हे त्याला न सांगताच मी गुरांना वैरण टाकायला वळलो.

तो अजून तिकडेच आहे. मी महाडला एका कारखान्यात लागलोय, आईलाही तिथेच आणलंय. गेल्या दसऱ्याला त्याचा फोन आला : "ह्या टायमाला दोन जागा हायत. येतोस?"

मी नाही म्हटलं. आईने मागून विचारलं, कुणाचा फोन. मी त्याचं नाव सांगितलं, तर ती हात पुसत आली आणि त्याच्याशी बराच वेळ बोलत बसली.