साडूंचा हिरवा पडदा

आमच्या साडूंइतकी जुन्या यंत्रांची मनधरणी करणारा माणूस बीदरपासून गुलबर्ग्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. कमठाण्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ नवरदेवाच्या मामाला, युनिक्स नावाच्या संगणक-प्रणालीवरचा जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावरून कसा चालवावा, ते समजावत होते. अक्षता दोघांच्याही मुठीतच राहिल्या. जुन्या प्रोग्रॅमला समोर जुनंच टर्मिनल, म्हणजे त्या काळचा पडदा आणि कीबोर्ड, आहे असं वाटायला हवं. म्हणून नव्या संगणकाला त्याचं सोंग घ्यायला लावायचं, हा साडूंचा छंद. "कंडक्टरसंगं कानडी, शिंप्यासंगं दखनी, घरी मराठी बोलतावच की आपुन! मग यंत्राला आधी सांगायला नगं का, समोर कोण हाय ते?" असं ते विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत.

मन्नाएखेळ्ळीच्या एका शाळेत दाखल्यांचा प्रोग्रॅम असाच जुना. तिथल्या कारकून अक्का तो वर्षानुवर्षं चालवत आलेल्या. त्यांचं टर्मिनल एक दिवस कायमचं विझलं. नवा संगणक जोडला, तर बाणाचं बटण दाबलं की पडद्यावर कंस उमटायचे आणि चूक खोडायला जावं तर ती आणखी लांबायची. त्यात अक्कांची नजर अधू. निवृत्तीला सहा महिने उरलेले. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसऱ्याला बसवू. तेव्हा साडूंना बोलावणं आलं आणि गाडी माझी म्हणून मीही गेलो.

साडूंनी नव्या संगणकाला कोणत्या टर्मिनलचं सोंग घ्यायचं ते नेमून दिलं, बटणं एकेक जुळवली. हे तासाभराचं काम. जुन्या पडद्यावर अक्षरं हिरवी उमटायची, म्हणून पुढचे दोन तास तोच रंग जुळवण्यात गेले. "पोपटी नगं, मुगाचा हिरवा पायजे," म्हणत त्यांनी मला सतरा हिरवे दाखवले. मला ते सगळे सारखेच दिसले, पण बोलायची सोय नव्हती.

मग अक्का बसल्या. दोन रकाने भरून थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा अडल्या. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "जमंना झालंय, अण्णा. बसवू द्या दुसऱ्याला."

साडूंचा चेहरा उतरला. "रंग चुकला का, अक्का?"

"रंग कुणाला दिसायलाय! रकाना भरला की घंटी वाजायची. आता कामून वाजंना?"

घंटी साडूंनीच बंद केली होती, उगाच कटकट नको म्हणून. अक्का इतकी वर्षं कानानं काम करत होत्या, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. साडूंनी घाईघाईनं घंटी चालू केली. नाव, टुंग. जन्मतारीख, टुंग. अक्कांची बोटं धावू लागली, नजर खुशाल खिडकीबाहेर. हेडमास्तरांनी दाखला दोनदा वाचला, सही केली आणि "उद्या दहाला या, अक्का," एवढंच म्हणाले.

परतताना साडूंनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "पाव्हणं, मी सारखा पडद्याकडंच बघत बसलो बघा. बाईकडं बघायचंच राहून गेलं."

एरवी मी चिमटा काढल्याशिवाय राहिलो नसतो. पण त्या दिवशी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली, आणि मी गाडी चालवत राहिलो.