वरातीची राणी

मागच्या वर्षी मला कावीळ झाली. बरी झाले, पण भीती मागे राहून गेली. न्हाणीघराची कडी आतून लावायची हिंमत होईना. दुकानात एकटी बसले की छाती धडधडायची. दारव्ह्याच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे, दिवसभर बाया येतात, तरी मधली रिकामी वेळ मला खायला उठायची. देवघरात दिवा रोज लागत होता, पण तो हाताच्या सवयीने. आजारात देवाला इतकं विनवलं होतं की आता बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो ऐकतो की नाही, हा प्रश्नही मी मनातल्या मनात गुंडाळून ठेवला होता.

अशात श्रावणाच्या तोंडावर माझ्या डोक्यात घोडीचं खूळ शिरलं. आर्णीकडे माझ्या माहेरी वडिलांची शेतावर जाण्यायेण्याची घोडी होती आणि लहानपणी मी तिच्यावर खोगिराशिवाय बसत असे. वाटलं, ती मुलगी माझ्यात कुठेतरी अजून असेल, तिला शोधून आणावं. पुसदकडच्या डोंगरात, पायथ्याच्या गावी माझी मावशी राहते. तिच्याकडे चार दिवस मुक्काम करायचा आणि रोज एकटीने डोंगरात फिरून यायचं, असं ठरवलं. आमच्या ह्यांनी ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला. ‘‘कायले एकटी जाऊन राह्यली? मी येतो न संगं.’’ मी म्हटलं, तुम्ही सोबत आलात तर माझं भ्यायचं तसंच राहील. त्यांनी माझ्या पिशवीत गुपचूप बॅटरी ठेवली.

आता यवतमाळ जिल्ह्यात हौसेने बसायला घोडी देतो कोण? आमच्याकडे घोडी म्हणजे वरातीची. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून गावातल्या बाबूभाईंची राणी रिकामीच उभी होती. पांढरी, टपोऱ्या डोळ्यांची, अंगाने भरलेली. टेम्पोत चढवताना बाबूभाईंनी मला बजावलं, ‘‘वहिनी, राणी गरीब हाय. फक्त वाजा आयकला का तिले ताल चढते. आन् मंग भिजली हरभऱ्याची डाळ चारल्याबिगर जागची हालत नाही. नवरदेवाच्या दारात तिले तशीच सवय हाय.’’ मी हसून मान डोलावली. डोंगरात कुठला आलाय बँड, असं माझं म्हणणं.

पहिले तीन दिवस असे काही आनंदात गेले की काय सांगू. सागाची ओली पानं, बांधावर लोंबलेली पिवळी फुलं, खाली सोयाबीनची हिरवीगार शेतं. राणीची चाल मात्र वरातीचीच. घाई म्हणून नाही. चार माणसं दिसली की ती थांबायची आणि आता ओवाळा अशा थाटात मान ताठ करायची. एका बाईने तर खरंच निंदण-खुरपण सोडून आमच्यावर पानं उधळली आणि विचारलं, ‘‘नवरदेव कुठी ठेवला वं बाई?’’ मी इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी आपण पोटातून हसतोय, हे तेव्हा लक्षात आलं.

शेवटच्या दिवशी दुपार कलताना मी पठारावर होते आणि बघता बघता ढग खाली उतरले. घोडीचे कानही नीट दिसेनात. डाव्या हाताची वाट मावशीच्या गावाला जाते अशी माझी पक्की खात्री होती. मी लगाम डावीकडे ओढला. राणी वळली नाही. टाच मारली, चुचकारलं, रागावले. ती उजवीकडे तोंड करून कान टवकारून उभी. आणि मग ती ओळखीची धडधड सुरू झाली. मोबाईलला रेंज नव्हती. एकटी आलीस ना, भोग आता, असं माझंच मन मला सुनावत होतं.

तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘देवा, मला नाही जमत. तूच ने.’’ त्यात ना भक्ती होती ना श्रद्धा, नुसता थकवा होता. लगाम हातातून सैल पडला. राणी लगेच उजवीकडे निघाली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण तिच्या पावलांत हळूहळू ताल आला. ती चक्क नाचत उतरू लागली. बऱ्याच वेळाने माझ्याही कानावर आला, तो नगारा.

खाली बंजाऱ्यांचा तांडा होता आणि तिथे तीज, म्हणजे त्यांचा श्रावणातला सण, चालली होती. पोरींनी टोपल्यांत गहू पेरून वाढवले होते आणि आता त्या बोरीच्या फांदीच्या काट्यांवर भिजवलेले हरभरे टोचत होत्या. तो त्यांचा मानाचा विधी. मी पाठीवरून उतरेपर्यंत राणी पोरींच्या मधून थेट फांदीशी गेली आणि काटे चुकवत ओठांनी हरभरे टिपू लागली. नगारा थांबला. लाजेने मी अर्धी झाले, रडूच आलं. देवाचं उष्टं केलं माझ्या घोडीने.

एक म्हातारी पुढे आली. सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणत होते. तिने आधी घोडीकडे पाहिलं, मग देवळाकडे हात जोडले. तिथे पांढऱ्या घोड्यावरच्या त्यांच्या महाराजांची तसबीर होती. ‘‘घोडो आयो,’’ ती म्हणाली आणि मला जवळ घेतलं. ‘‘रडतं कायले? आमचे महाराज घोड्यावरच फिरत. तेच आले म्हनाव तीज पाह्यले.’’ नगारा पुन्हा सुरू झाला. पोरींनी उरलेले हरभरे राणीला चारले, आणि मी, जी न्हाणीघराची कडी लावत नव्हते, ती अनोळखी बायांचे हात धरून फेर धरत होते.

मावशीकडे पोचवायला तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, सोबत आले. डावीकडच्या वाटेचं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘तिकडं रस्ताच नाही राह्यला, बाई. पान्यानं कडा खचला परवा.’’ मी राणीच्या मानेवर हात ठेवला.

राणीला डाळीची सवय होती, तिने नगारा ऐकला, एवढंच झालं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला इतकंच कळतं की मी सोडलं तेव्हा धरणारं कुणीतरी होतं. तेव्हापासून दिवा लावताना मी काही मागत नाही. न्हाणीघराची कडी आतून लावते.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या. परवा एक वरात बाजारातून निघाली आणि राणी माझ्या दुकानासमोर येऊन जी थांबली ती हलेचना. बँडवाले थकले. ‘‘वहिनी, चारा लवकर, मुहूर्त टळून राह्यला,’’ बाबूभाई कळवळून म्हणाले. भिजवलेली डाळ आता माझ्याकडे असतेच. ती तिला चारली आणि भर रस्त्यात हात जोडले. नवरदेवाला वाटलं, त्यालाच. त्यानेही बिचाऱ्याने फेटा सावरत मान लववली.