हाताचा करार

फोन आला तेव्हा माझा उजवा हात रुमालाखाली एका गिऱ्हाइकाच्या हातात होता. वाशीच्या फळबाजारात आंब्याचा मोठा सौदा अजूनही कित्येकदा असाच होतो. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव सांगायचा आणि शेजारच्याला काही कळू द्यायचं नाही. दुसऱ्या हातातल्या फोनवर वाघमारे मॅडमची भाची रूपाली म्हणाली, "काका, आत्या गेली... झोपेतच." मी झटकन हात काढून घेतला. गिऱ्हाइकाला वाटलं, मला भाव पसंत नाही. त्यानं आपणहून वाढवला. वाघमारे मॅडमना हे सांगता आलं असतं तर त्या पोट धरून हसल्या असत्या.

जुईनगरच्या प्रा. सुमन वाघमारे प्राचीन इराणी लोकांच्या भाषा आणि धर्म यांच्या मोठ्या अभ्यासक होत्या. नांदेडकडच्या बौद्ध घरातल्या. आधी पाली शिकल्या, मग संस्कृत, आणि तिथून इराणच्या जुन्या भाषेत "शेजारच्या घरात साखर मागायला जावं तशी गेले" म्हणायच्या. शोकसभेत एक विद्वान म्हणाले की, बाईंनी मौन तपश्चर्येतून मराठीत मोठा ग्रंथ सिद्ध केला. मी मागच्या रांगेतून बोलायला उठलो, तर सूत्रसंचालक म्हणाले, वेळ संपली. त्यानंतर आणखी दोघे बोलले. ते मी विसरलेलो नाही, म्हणून इथे लिहितो आहे. मौन कसलं? अर्धा ग्रंथ माझ्या गाळ्यावर भांडत लिहिला गेला. आणि तो सिद्धही झालेला नाही. शेवटचं प्रकरण राहिलं आहे, हे त्या व्यासपीठावर एकालाही ठाऊक नव्हतं.

ओतूरहून आलो तेव्हा मी याच बाजारात पेट्या वाहत होतो. गाळा माझा झाला तो माझ्या जिभेवर आणि रागावर. त्यामुळे एका सकाळी सुती साडीतल्या एक बाई येऊन रुमालाकडे टक लावून बघू लागल्या, तेव्हा मी सरळ अंगावर गेलो. "पेपरवाल्या का? आमचा रुमाल बंद करायला आलात?"

"एवढं कशाला ओरडायलात हो?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी ज्या लोकांबद्दल वाचते, ते असाच हात धरून करार करायचे. ते जाऊन हजारो वर्षं झाली. म्हटलं, जिवंत कुणी करतंय का बघावं."

मी चहा मागवला. त्यांनी सांगितलं की, त्या जुन्या इराणी लोकांत करारालाच मिथ्र म्हणत आणि करार सांभाळणाऱ्या देवालाही मिथ्र. आपल्या वेदांतल्या मित्राचा तो सख्खा भाऊ. त्या देवाला हजार कान, आणि कोण कुठे शब्द मोडतो यावर त्याची नजर.

"म्हणजे आमचा वॉचमन," मी म्हटलं.

"हा झोपत नाही."

"मग आमचा नव्हे."

इथून आमचं जमलं. त्यांच्या धर्मग्रंथात करारांची उतरंड होती. तोंडी करार सगळ्यात खाली, हाताचा त्याच्या वर, मग मेंढीच्या मोलाचा, बैलाच्या, माणसाच्या, आणि सगळ्यात वर शेताच्या मोलाचा. मला ही माणसं एकदम ओळखीची वाटली. मी विचारलं, हे मराठीत कुठे वाचायला मिळेल? तर कुठेच नाही. बाईंचे सगळे निबंध इंग्रजीत, लांबलांबच्या देशांत छापलेले. मला संताप आला. जुईनगरला पाणी भरता, वाशीत भाजी घेता आणि लिहिता कुणासाठी?

"मराठीत लिहिलं तर तुम्ही वाचणार?"

"लिहा तर खरं."

त्या लिहू लागल्या, पण एक ओळ लिहायची आणि आठवडाभर तिच्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची पद्धत. शेवटी मी म्हटलं, सौदा करू. आंब्याचा सीझन संपेपर्यंत किती पानं देणार? त्यांनी पदर खोचला, हात पुढे केला. हमाल खिदळू लागले. मी रुमाल टाकला. मॅडमनी माझी चार बोटं घट्ट दाबली आणि विजयानं बघितलं.

"चाळीस. पक्कं," मी म्हणालो.

"चाळीस कुठली? चार."

"बाजारात बोट दहाचं असतं, मॅडम. सुट्टं कुणी धरत नाही. विचारा कुणालाही."

सगळ्या हमालांनी माना डोलावल्या. मॅडम संतापून जुईनगरला निघाल्या, पाच पावलांवर थांबल्या आणि परत आल्या. "हाताचा करार आहे. मोडता येत नाही. मीच तुम्हाला शिकवलं, माझंच नशीब." सीझन संपला त्या दिवशी पानं गाळ्यावर आली. पुढं दर सीझनला हा खेळ झाला. त्या बोटं मोजून धरू लागल्या, मी पिळून काढू लागलो. पेट्यांवर बसून त्या वाचून दाखवायच्या. एखादी गोष्ट मला कळली नाही तर मी ओरडायचो, आणि त्या तो परिच्छेद खोडून पुन्हा लिहायच्या. या वर्षी शेवटच्या प्रकरणाचा सौदा झाला होता. तेवढ्यात हे झालं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर रूपाली गाळ्यावर आली. ती कॉलेजात संस्कृत शिकवते, जुनी इराणी लिपी आत्याकडेच शिकली. म्हणाली, "काका, शेवटचं प्रकरण मी पुरं करणार."

"माझ्यावर दया नको," मी म्हटलं. आवाज चढलाच. "माणूस गेला की सौदा संपला."

"तुमच्या बाजारात. त्या लोकांत नाही. करार मोडला तर दोष जवळच्या नातेवाइकांवर येतो. हाताचा असेल तर तोंडीपेक्षा जास्त वर्षं."

"हे मॅडमनी मला कधी सांगितलं नाही."

"कसं सांगेल? आत्या म्हणायची, शेठना हे कळलं तर उद्या आपलं सगळं खानदान गाळ्यावर आणून बसवतील."

बसवलं असतंच. इतकी वर्षं मी समजत होतो की दर सीझनला मीच जिंकतो, आणि ही बाई सगळ्यात मोठं कलम पदराआड धरून, तोंड पाडून, माझ्यासमोर बसत होती. मी इतका हसलो की शेजारचे गाळेवाले बाहेर आले. मग थोडा वेळ पेट्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो...

हल्ली रविवारी दुपारी जुईनगरला जातो. खिडकीपाशी मॅडमचं टेबल आहे तसंच आहे. खुर्चीत रूपाली एक पाय दुमडून बसते, एका ओळीपाशी अडते, खोडते आणि छताकडे बघत राहते. मी फळं कापून बशीत ठेवतो. न राहवून विचारतो, "कधी संपणार?" ती मान वर न करता म्हणते, "हात पुढे करा, सांगते."

मी करत नाही. एकाच घराकडून दोनदा हरायची माझी तयारी नाही.