लोरियानो आणि कपाटामागची ओल

माझा थोरला भाऊ लोरियानो दुकानातून पाव आणला तरी उलटा करून बुडाला टिचकी मारून बघतो. मनासारखा वाजला नाही, तर त्या पाववाल्याकडे पुढं महिनाभर वाकड्या नजरेनं बघणार. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तर शेजाऱ्याला कोणत्या दिल्यात ते आधी विचारून येणार आणि मगच गिळणार. असा हा माणूस जन्मभर एकाच माणसावर डोळे मिटून विसंबला, तो म्हणजे ब्रुनेरो. म्हणून त्या वसंतात जे झालं ते मला जास्त लागलं.

आमच्या एल्सा नदीच्या खोऱ्यात घरटी एक तरी माणूस कँपरच्या कारखान्यात राबलेला. चाकांवरची घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. मी तिथं गाद्यांची कव्हरं शिवायची. लोरियानो खिडक्या बसवायचा आणि ब्रुनेरो छपरं. कारखान्याची रीत पक्की होती, ज्याचं काम त्याचं. छपरावाला खिडकीला बोट लावणार नाही, खिडकीवाला छपरावर चढणार नाही. पुढं एकदा बाजूला चेपलेला एक लहानसा सांगाडा मालकानं टाकून द्यायला काढला. या दोघांनी तो भागीत घेतला आणि शनिवार-शनिवार करून त्यातून कँपर उभा केला. अगदी दोन माणसांपुरता. बिछाना ओढला की पाय ठेवायला जमीन उरत नाही.

तेव्हापासून जूनमध्ये तो लोरियानो आणि माझी वहिनी नेरिना यांचा, सप्टेंबरात ब्रुनेरोचा. ब्रुनेरोनं लग्न केलं नाही, तो एकटाच जातो. बाकीचं वर्ष गाडी आमच्या अंगणात, आणि हे दोन म्हातारे तिच्या पोटाखाली. आज तेल बदल, उद्या पाण्याचा पंप उघड, परवा गॅसची नळी हुंगून बघ. घरच्या माणसाची कुणी एवढी विचारपूस करत नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये लोरियानोनं गाडी उघडली, बिछान्याजवळच्या कपाटातल्या चादरी बाहेर काढल्या आणि सवयीनं मागच्या भिंतीवर अंगठा दाबला. भिजलेल्या पावात जावा तसा अंगठा आत गेला.

"फोस्का, हिकडं ये. दाब हितं."

मी दाबलं.

"काय लागतंय?"

"ओल."

"ओल न्हवं. ब्रुनेरो लागतोय."

त्याचा हिशोब सरळ होता. पाणी वरनं येतं. वर छप्पर. छप्पर ब्रुनेरोचं, आणि गाडी शेवटची नेली तीही ब्रुनेरोनंच. "फांदीला धडकला असणार. आन् तोंड शिवून बसलाय."

शिडी लावून त्यानं छपराच्या कडेशी डोळे नेले. वर चढला मात्र नाही, रीत मोडायची कशी? कपाटाला लागून असलेल्या मागच्या खिडकीच्या वर, छपराच्या कडेला फटी बुजवायच्या सिलिकॉनचा एक पांढरा वळ होता. बाकी सगळे वळ पिवळे पडलेले आणि हा एकटाच दुधासारखा.

"बघ, नवा हाय," खाली उतरून तो म्हणाला. "मला न सांगता लावलाय. माणूस गुपचूप मलम कवा लावतो? जखम त्यानंच केली असंल तवा."

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. ब्रुनेरोनं गाडी परत देताना धुऊन का दिली? नाताळात चीजचा एवढा मोठा गोळा का आणला? "तवाच माझ्या मनात आलं हुतं, ह्या वर्साला चीज मोठं हाय." क्लबात पत्ते खेळताना ब्रुनेरो खोकला, तर ह्यानं मला कोपरानं ढोसलं. आमच्या अंगणाच्या फाटकाला कधी कुलूप नव्हतं, ते लागलं. ब्रुनेरो दोनदा येऊन फाटक हलवून गेला. लोरियानो पडद्याआडून बघत बसला.

"छप्पर फुटकं निघालं तर गाडी भंगारात," तो जेवताना म्हणाला. "आन् त्याच्यासंगं पुन्ना बसणं न्हाई. पत्तं न्हाईत, दारू न्हाई, काय न्हाई."

नेरिना घेवड्याचे दाणे वाढत होती. ती म्हणाली, "म्हंजे दिवसभर माझ्याच मागं फिरणार व्हय तू? देवा, ते छप्पर धड निघू दे."

ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. लोरियानोला दुसरं कोण होतं? बाकी सगळ्यांवर संशय घेऊन झालेला होता.

शेवटी त्यानं निरोप धाडला. ब्रुनेरो हत्यारांची पिशवी घेऊनच आला.

"ओल हाय?" त्यानं विचारलं.

"तुला कसं ठावं?"

"पाण्याचा पाइप घिऊन उभा हायस. बाग तर तुला न्हाई."

लोरियानो शिडी चढला आणि पाण्याची धार थेट छपरावर सोडली. मला आत कपाटात बॅटरी देऊन बसवलं होतं. कारखान्यात गळती शोधायची ती खालून वर. आधी बुडाशी पाणी, मग थांबायचं, मग हातभर वर. पोरासोरांनाही ते ठाऊक.

"खालनं घे की," बाहेर ब्रुनेरो म्हणाला. "इसरलास व्हय?"

"खालनं घिऊन काय करू? कुठनं येतंय ते मला ठावं हाय."

थोड्या वेळानं भिंतीवर थेंब जमले. "आलं पाणी," मी सांगितलं.

लोरियानो खाली उतरला. चेहरा मात्र कुणी मेल्यासारखा. "घावलं तुझं छप्पर."

"पाणी घावलं. वरनं ओतलंस तर समदंच भिजणार. त्यात छपराचं काय कळलं?"

"मग त्यो पांढरा वळ कशापायी लावलास?"

ब्रुनेरो पिशवीत हात घालून हत्यारं चाळत राहिला.

"बोल की."

"न्हाई बोलत."

"म्हंजे तूच."

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ब्रुनेरोनं पिशवीतून पटाशी काढून त्याच्या हातात दिली. "भिंत उघड. सोता बघ. मग गाडी मोड न्हाईतर मला मोड."

लोरियानोनं आतला पातळ प्लाय छतापासून सोलायला घेतला. वरचं लाकूड पिवळंधमक निघालं, त्यावर ब्रुनेरोची पेन्सिलची खूण अजून तशीच. हातभर खाली आला, तरी कोरडं. त्यानं बोट घासलं, वास घेतला, जिभेलाही लावून बघितलं. कोरडंच. मग खिडकीचा वरचा कोपरा आला आणि तिथून खाली लाकूड काळं. हात लावला तर भिजल्या तंबाखूसारखं मुठीत आलं.

त्यानं खिडकीच्या चौकटीत नख घातलं. चौकटीमागची काळी चिकट पट्टी वाळून भेगाळली होती. ब्रुनेरोनं छपराचे सांधे दर चार-पाच वर्षांनी नवे केले होते. खिडकी बसवल्यापासून कुणी काढलीच नव्हती. लोरियानोच्या खिडक्या गळत नाहीत, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. तपासणार कोण?

मी बाहेर जाऊन शिडी चढले आणि तो पांढरा वळ नीट बघितला. तो तिरका होता. छपरावरून उतरणारं पाणी खिडकी चुकवून बाजूला पडावं, एवढंच त्याचं काम.

"सप्टेंबरात पाऊस लागला," ब्रुनेरो आतून म्हणाला. "उशी भिजली. म्हनून पाणी कडंला काढलं, छपरावरनंच. खिडकीला हात लावला न्हाई. खिडकी तुझी."

"सांगायचं हुतंस."

"तुला? तुझी खिडकी गळती म्हनून? मला अजून चार दिस जगायचं हाय."

स्क्रू काढून लोरियानोनं खिडकी उतरवली आणि उन्हात बसून चौकटीवरची जुनी पट्टी खरवडत राहिला. ब्रुनेरोनं कुजकं लाकूड काढून नवं बसवलं. त्याचा गोंद पुरता सुकून घट्ट होईपर्यंत तीन दिवस दोघं एकमेकांशी फक्त मापांबद्दल बोलले.

मग खिडकी बसवायची वेळ आली. एकानं ती बाहेरून दाबून धरायची, दुसऱ्यानं आतून स्क्रू आवळायचे.

"फोस्का, आत जा," लोरियानो म्हणाला.

"माझी मनगटं गेलीत शिवून शिवून. ज्याच्या हातात ताकद हाय त्याला सांग."

त्यानं ब्रुनेरोकडे बघितलं. त्याच्या हातांकडं, मग त्याच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाकडं, मग परत हातांकडं.

"जा आत," तो शेवटी म्हणाला. "समोरासमोरचं स्क्रू घे. थोडं थोडं आवळ. तुझ्या छपरासारखं दणादण न्हाई."

आतून आवाज आला, "छप्पर कोरडं निघालं."

लोरियानोनं बाहेर पाय नीट रोवले.

"आज निघालं," तो म्हणाला, आणि ब्रुनेरोचा शेवटचा स्क्रू बसेपर्यंत दोन्ही तळव्यांनी काच दाबून तसाच उभा राहिला.