आपोआप लागणारा दिवा

वडील गेल्यावर फुलंब्रीकडचं घर बंद करून धाकट्या भावानं मायला पडेगावला आपल्याकडं नेलं. मी शहरात, हडकोत राहायचे. घरात सासू-सासरे, मुलं, शिवाय माझी शाळेची नोकरी. माय भावाकडं नीट आहे, एवढ्या भरवशावर माझं सगळं चाललेलं होतं. भाऊ गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. पुढच्या खोलीत त्याचा क्लास, मधल्या खोलीत तो आणि भावजय, आणि मागच्या दाराजवळच्या खोलीत माय. त्या दाराबाहेर एक उंच पायरी होती. ती उतरून गेलं की मोरी.

ती लोडशेडिंगची वर्षं होती. वीज कधी जाणार त्याचं वेळापत्रक पेपरात यायचं खरं, पण पडेगावात ती त्याच्या आधीच गेलेली असायची. एकदा तिन्हीसांजेला माय अंधारात त्या पायरीवर घसरली. गुडघा खरचटला, बाकी काही झालं नाही. तिनं मला सांगितलंही नाही, भावजयीच्या बोलण्यातून कळलं. त्यानंतर माझ्या डोक्यात दिव्याशिवाय दुसरं काही येईना.

मायला संधिवात होता. बोटं वाकलेली, सकाळी तर मूठही मिटायची नाही. कंदिलाची काच उचलणं तिला जमलं नसतं. काडी ओढताना तिचा हात थरथरायचा, म्हणून मेणबत्तीचं नावच नको. बॅटरी उशाशी ठेवून पाहिली होती, पण तिचं बटण इतकं कडक होतं की ते दाबायला तिला दोन्ही हात लागायचे. इन्व्हर्टरचा विषय मी भावापाशी काढला, तर एवढा खर्च आत्ता होणार नाही म्हणाला. मी अर्धा देते म्हटलं. त्यावर तो उठून क्लासात गेला, आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग मी शाळा सुटल्यावर गुलमंडीच्या बाजारातली दुकानं पालथी घातली. पहिल्या दिवशी नवरा बरोबर होता. तिसऱ्या दुकानात तो कंटाळला आणि म्हणाला, सगळे सारखेच असतात, एक घे आणि चल. पण ते सारखे नव्हते. एकाचा उजेड भिंतीवर जायचा, जमिनीवर पडायचाच नाही, आणि मला तर पायरी दिसायला हवी होती. एकाची मूठ धारदार होती. एक इतका जड की मायच्या पायावर पडला असता तर वेगळंच दुखणं झालं असतं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं मला दोन नळ्यांचा, चार्ज होणारा दिवा दाखवला. तो भिंतीतल्या प्लगला कायम लावून ठेवायचा, वीज गेली की आपोआप लागतो, बटणाला हात लावायचं कामच नाही. मी त्याला प्लग काढायला लावला. दिवा लागला. पुन्हा लावायला लावला, पुन्हा काढायला. गिऱ्हाईकं खोळंबली होती, पण तो माणूस न चिडता करत राहिला.

घरी येऊन मी दिव्याच्या मुठीला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून शिवला. निळं लुगडं, त्याला लाल काठ. मोरीकडं नेताना मायच्या बोटांना मूठ रुतू नये, एवढाच हेतू.

रविवारी आम्ही पडेगावला गेलो. भावानं स्वतः खिळे ठोकून मायच्या पलंगाजवळ फळी बसवली. भावजयीनं चहा केला. प्लग काढला, दिवा लागला, उजेड थेट पायरीवर पडला. माय हसली. म्हणाली, "आता काय, माह्या खोलीत रोजच दिवाळी." त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी कितीतरी दिवसांनी डोळे मिटून बसले.

पुढं जाणं फारसं जमलं नाही, पण फोनवर मी दर वेळी विचारायचे, माय, दिवा लागतो ना? ती म्हणायची, लागतो बाई, दिवसासारखा उजेड पडतो. मी निर्धास्त झाले.

थंडीचे दिवस आले. अंधार लवकर पडायला लागला. एका संध्याकाळी भावाचा फोन आला की माय पडली, हात मोडलाय, दवाखान्यात आणलंय. मी पोचले तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर घालत होते. खुलताबादची मावशी योगायोगानं शहरात आलेली होती, तीही येऊन बसली होती. वीज नव्हती, माय मोरीकडं निघाली आणि पायरीवरून खाली गेली, असं भाऊ सांगत होता.

मी विचारलं, दिवा होता ना?

भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुह्या त्या दिव्याचं काय सांगू अक्का. ऐन टायमाला लागलाच नाय."

मावशीनं कपाळाला हात लावला. गुलमंडीवर सगळे सारखेच म्हणणारा माझा नवरा हळूच म्हणाला, मी म्हणत होतो, जरा चांगल्या कंपनीचा घे. मी मायच्या उशाशी गेले. तिचा चेहरा वेदनेनं ओढला गेला होता. मी वाकून विचारलं, "माय, खरंच लागला नाय का गं?"

तिनं तोंड भिंतीकडं केलं. "नाय लागला बाई."

ते दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबायचे. एवढी दुकानं फिरून, एवढं पारखून मी माझ्या मायला फसवा दिवा आणून दिला होता. नातेवाईक भेटायला यायचे आणि मावशी प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायची. लेकीनं लई हौसेनं दिवा आणला व्हता बघा, म्हणायची, अन् त्यानंच घात केला. ती मुद्दाम दुखवायला म्हणत नव्हती. पण ऐकताना मला मान वर करता यायची नाही, त्या फळीकडं बघवायचंही नाही.

शेवटी मी त्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांपुढं त्या म्हाताऱ्याला वाट्टेल ते बोलले. तुमच्यामुळं माझ्या आईचा हात मोडला, इथपर्यंत बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लाईट लेके आओ बाई. देखे बगैर मैं क्या बोलूं?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी न जाता मी सरळ पडेगावची बस धरली. येतेय असं कुणाला कळवलं नव्हतं, कळवण्यासारखं त्यात काही वाटलंही नव्हतं. दिवा पिशवीत घालायचा आणि परत फिरायचं.

उतरले तेव्हा दिवस मावळला होता आणि सगळ्या वस्तीत वीज नव्हती. घरोघरी कंदील, कुठं मेणबत्ती. भावाच्या घराच्या पुढच्या खिडकीतून मात्र पांढरा लख्ख उजेड बाहेर येत होता. मला वाटलं, यांनी इन्व्हर्टर घेतला वाटतं. मनात बरंही वाटलं. मी दारात गेले. आत सतरंजीवर क्लासची मुलं वह्या उघडून बसली होती, भाऊ फळ्याशी उभा होता, आणि फळ्यावरच्या खिळ्याला तो दिवा टांगलेला होता. मुठीवर निळ्या लुगड्याचा तुकडा. लाल काठ खडूच्या धुळीनं पांढुरका झालेला.

भावानं मला बघितलं. हातातला खडू तसाच धरून तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. कधीपासून, एवढंच मी विचारलं. त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. पावसाळ्यापासूनच, म्हणाला. वीज गेली की क्लास सोडावा लागायचा, आईबापांनी पोरांना इन्व्हर्टरवाल्या क्लासला घालायला सुरुवात केली होती, अर्धी खोली रिकामी झाली होती.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मी दुसरा आणला असता."

"तुझ्याकडून काय काय मागायचं?" तो म्हणाला. मग म्हणाला, "अन् मायनंच दिला. इचार तिला."

मी मागच्या खोलीत गेले. फळी रिकामी होती. माय पलंगावर अंधारात बसली होती, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत. माझा आवाज तिनं आधीच ऐकला असणार, कारण मी आल्याचं तिला नवल वाटलं नाही. मी तिच्याजवळ बसले. तूच दिलास का, विचारलं. ती व्हय म्हणाली. पोरं चालली होती, तो जेवत नव्हता धड, मला इथं बसून उजेड काय करायचा होता, असं सांगत राहिली. त्याबद्दल मला तिच्यावर राग नव्हता. दिवा तिचा होता, तिनं लेकाला दिला.

"मग फोनवर लागतो म्हणायचीस ते? आणि दवाखान्यात माझ्या तोंडावर लागला नाय म्हणालीस ते?"

तिनं झोळीतला हात सावरला. मग म्हणाली, "दिवा क्लासात व्हता म्हटलं असतं तर समद्यांनी त्याला धरलं असतं. तू तुह्या घरी जाशील बाई. मला इथं ऱ्हायचंय." आणि मग अगदी हळू, "तुह्यावर आलं तर तू सोसशील, हे मला ठावं व्हतं."

भाऊ खोटं बोलला ते मला लागलं होतं, पण ते मी पचवलं असतं. लहानपणापासून तो अडचणीत आला की असाच हात झटकायचा. मायनं मात्र सगळं तोलून पाहिलं होतं. दोघांतला एक जण दोषी ठरणार होता, आणि दुखत्या हातानं, भिंतीकडं तोंड करून, तिनं मला निवडलं होतं. मी तिला म्हटलं, चल माझ्याकडं, आजच. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. तिनं चहा करायला सांगू का विचारलं, आणि मी उठले.

भाऊ ओसरीवर उभा होता. दिवा नेतेस का, म्हणाला. आत पोरं वाट बघत होती. मी नको म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी त्याच दुकानात गेले आणि तसाच दुसरा दिवा मागितला. पहिल्याचं काय झालं, म्हाताऱ्यानं विचारलं. तो चांगला आहे, मीच उगीच बोलले, असं सांगितलं. होता है, म्हणून त्यानं दिवा बांधून दिला. मी तो पडेगावला नेऊन फळीवर ठेवला, प्लग लावला, चालतो का ते बघितलं आणि मुलांची परीक्षा आहे सांगून लगेच निघाले. या वेळी मुठीला काही शिवलं नव्हतं.

मायचं मनगट जरासं वाकडंच जुळलं. मी जात राहिले, सणावाराला, पण पूर्वीसारखी तिच्या पलंगावर आडवी होऊन गप्पा मारायला नाही. तिनं फोनवर बरी आहे म्हटलं की मी भावजयीला वेगळं विचारायचे. मायच्या ते लक्षात आलं होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. भावाचा क्लास वाढला, त्यानं इन्व्हर्टर घेतला, नंतर हळूहळू लोडशेडिंगही थांबलं. माय थोड्याशा आजारपणानं गेली. त्या दिवशी मी तिथं होते, पण आमचं दोघींचं त्या संध्याकाळबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर बायका बसल्या होत्या. मायच्या आठवणी निघाल्या. मावशीनं तिचा हात कसा मोडला ते सांगायला घेतलं. लेकीनं लई हौसेनं दिवा आणला व्हता, इथपर्यंत ती आली. भाऊ दाराशी पत्रावळ्या गोळा करत होता. तो थांबला. मी त्याच्याकडं बघत राहिले. आता माय नव्हती, तिला कुणाच्या घरी राहायचं नव्हतं. एक वाक्य बोलायला त्याला काहीच अडचण नव्हती. तो खाली वाकला आणि पत्रावळ्या उचलून बाहेर गेला.

"दिवा चांगला होता मावशी," मी म्हटलं.

"असंल बाई," मावशी म्हणाली, आणि पुढची गोष्ट सांगू लागली.