ठासणीच्या बंदुका धुणाऱ्या बाई

देशकर बाई पक्क्या शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा सोडायच्या. पण त्यांच्या गॅरेजला कायम कुजक्या अंड्यांचा वास यायचा. जॉर्जियात, अल्फारेटातल्या आमच्या वसाहतीत नव्यानं आलेल्या एका कुटुंबानं तर गॅस गळतोय समजून तक्रार करायची तयारी केली होती. बाईंनी त्या नवरा-बायकोला गॅरेजमध्ये बोलावलं, बादलीतलं शाईसारखं काळं पाणी दाखवलं आणि उभ्या उभ्या गंधकाचा पाठ घेतला. "बंदुकीच्या जळलेल्या दारूवर पाणी पडलं की असाच वास येतो," त्या म्हणाल्या. "वास आला म्हणजे पाणी आपलं काम करून राहिलंय."

यवतमाळच्या मुलींच्या शाळेत बाईंनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे जॉर्जियाला आल्या. मुलगा सतत टूरवर आणि बाईंना कार चालवता येत नव्हती. मी त्यांच्या शेजारी राहायचे, म्हणून शनिवारी त्यांना कुठंतरी फिरवून आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. देवळात त्यांचा जीव रमेना, मॉलमध्ये पाय दुखायचे. मग एका शनिवारी मी त्यांना गावाबाहेरच्या एका जुन्या शेतवाडीवर नेलं. दोनशे वर्षांपूर्वीचं लाकडी घर, लोहाराची भट्टी, चार मेंढ्या. निवृत्त माणसं जुन्या वेशात येऊन जुनी कामं करून दाखवतात.

तिथं वॉल्टर नावाचे सत्तरीचे गृहस्थ ठासणीची बंदूक उडवून दाखवत होते. आधी नळीच्या तोंडातून दारू, मग कागद, मग गजानं ठासणं, मग चकमक आणि बार. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पांगले. बाई मात्र वॉल्टरच्या मागोमाग शेडच्या मागं गेल्या. वॉल्टर तिथं लपून प्लॅस्टिकच्या बाटलीतलं कसलंसं औषध चिंधीवर ओतून नळी पुसत होते.

बाईंनी त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं, "दोनशे वर्षांपूर्वी ही बाटली कुठल्या दुकानात मिळायची?"

वॉल्टर हसले. म्हणाले, "मॅडम, लोकांना बार बघायचा असतो. धुणं कोण बघणार?"

"मी," बाई म्हणाल्या.

परतताना कारमध्ये त्या सारख्या बोलत होत्या. दारू जळली की नळीत जे उरतं त्यात मुख्य भाग क्षारांचा. ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि लोखंड खातात. "अगं मीनल, तेलानं मीठ विरघळत नाही, हे आठवीतल्या पोरीला कळतं. त्या काळचे शिपाई रसायन शिकले नव्हते, पण त्यांना हे ठाऊक असणारच. काय वापरत होते ते शोधायला पाहिजे." पुढचे दोन आठवडे मी त्यांना लायब्ररीतून जुन्या कवायतीची पुस्तकं आणून देत होते.

तिसऱ्या शनिवारी बाई किटली घेऊन हजर. टर्कीच्या पिसाचा देठ कापून त्यांनी नळीच्या बुडाचं बारीक भोक बंद केलं, नळीत कढत पाणी ओतलं, हलवलं, ओतून टाकलं. पुन्हा ओतलं. त्यांचा नियम असा, की पाणी स्वच्छ यायला लागलं म्हणून थांबायचं नाही, आणखी एकदा धुवायचं. कढत पाण्यानं नळी इतकी तापते की ती आतून आपोआप कोरडी होते, हे वॉल्टरना हात लावून बघायला लावलं. मग गजाच्या टोकाला एक लोखंडी दुहेरी वेटोळं बसवलं. ते त्यांनी तिथल्याच लोहाराकडून चित्र काढून करवून घेतलं होतं. त्या वेटोळ्यात जवसाच्या ताटाचा भरड धागा गुंडाळला आणि नळी पुसली. पुढं पुढं शेतवाडीच्या बंदुका धुवायला बाईंच्या गॅरेजमध्येही यायला लागल्या.

जवसाचं त्यांना फार कौतुक. "आमच्याकडे जवसाची चटणी करतात," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "इथं त्याच्या ताटानं नळी पुसायची आणि त्याच्या तेलानं बंदुकीचा लाकडी दस्ता चोळायचा. एवढं उपयोगी झाड दुसरं नाही." शेवटचा हात बहुतेक लोक चरबीचा देत. बाईंनी पुस्तकं धुंडाळून शिपाई ऑलिव्हचं तेलही वापरत असल्याचं शोधून काढलं आणि स्वतःची सोय केली.

पण जुनं ते सगळं चांगलं, असं त्यांचं नव्हतं. शिपाई विटेची पूड घासून बंदूक चकचकीत करायचे. एका स्वयंसेवकानं हौसेनं तसं सुरू केलं, तेव्हा बाईंनी त्याच्या हातातून चिंधी काढून घेतली. लोखंडाच्या एका फालतू पट्टीवर त्याला अर्धा तास घासायला लावलं आणि मग बोट फिरवून दाखवलं. "किती झिजलं बघ. त्यांना साहेबाची तपासणी होती, म्हणून ते घासायचे. तुला कोणाची भीती आहे?"

तिथं सगळे त्यांना बाईच म्हणायचे. ते त्यांचं नावच आहे असं त्या लोकांना वाटायचं. वॉल्टर सकाळी आल्या आल्या "हाय, बाय" म्हणायचे आणि मला दर वेळी हसू यायचं.

दुसऱ्या वर्षी लिंडा नावाच्या बाईंनी शेतवाडीला एक लांब बंदूक भेट दिली. ती त्यांच्या घरी पाच पिढ्या शेगडीच्या वर टांगलेली होती. शेतवाडीचा कारभार बघणारे ग्रेग खूश झाले. येत्या शनिवारी मोठा कार्यक्रम होता आणि ती बंदूक लोकांच्या हातात द्यायची, फोटो काढू द्यायचे, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

बाईंची पद्धत ठरलेली. कुठलीही बंदूक आली की आधी गज आत. गज टेकला तिथं नळीच्या तोंडाशी खडूनं खूण करायची. मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचं. तो बुडाच्या भोकापर्यंत पोचला पाहिजे. या बंदुकीत तो चार बोटं अलीकडेच थांबला. बाईंनी पुन्हा मोजलं. मग त्या सरळ झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सगळे माझ्या मागं या. ही भरलेली आहे."

ग्रेगना ते पटेना. "शंभर वर्षं भिंतीवर होती ती. आत माती असेल, गांधीलमाशीचं घर असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण मी तसं धरून चालणार नाही."

"तुमच्याकडे याचं काही सर्टिफिकेट आहे का?"

मला त्यांचा राग आला. बाईंना आला नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे गज आहे. तुम्ही स्वतः मोजा." ग्रेगनी मोजलं नाही. पण वॉल्टर पुढं झाले, मोजून पाहिलं आणि म्हणाले, "ग्रेग, शनिवारी ही बंदूक बाहेर येणार असेल तर मी येणार नाही." ग्रेग पाय आपटत गेले, पण बंदूक कार्यक्रमातून निघाली.

वॉल्टरनी ती मातीच्या बांधाकडे तोंड करून घट्ट बांधली. या खेपेला किटली नव्हती. गार पाणी आत सोडलं आणि दोन दिवस मुरू दिलं. सोमवारी मी रजा काढून गेले. आपण नळीच्या तोंडासमोर यायचं नाही, बाजूनंच काम करायचं, हे बाईंनी वॉल्टरना दोनदा बजावलं. आधी वेटोळ्यानं कुजलेल्या कापडाचा बोळा निघाला. मग गजाला टोकदार स्क्रू लावून तो हळूहळू फिरवत आत रुतवला, दोघांनी मिळून ओढलं आणि शिशाची पांढुरकी गोळी बाहेर आली. तिच्यामागून काळा चिखल. बाईंनी त्यातला चिमूटभर बशीत घेऊन दिवसभर उन्हात वाळवला. संध्याकाळी लिंडा आणि ग्रेगही आले. सगळ्यांना लांब उभं करून वॉल्टरनी लांब काठीच्या टोकाला लावलेली पेटती काडी तिथं नेली. भस्सकन जाळ झाला.

लिंडा खाली बसल्या. "लहानपणी माझा भाऊ ही बंदूक माझ्यावर रोखून घरभर पळवायचा मला," त्या म्हणाल्या. "चाप ओढायचा. दर वेळी." बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ग्रेग दोन पावलं पुढं आले, म्हणाले, "बाय, मी चुकलो," आणि तिथंच सांगितलं की यापुढं बाईंच्या गजाखालून गेल्याशिवाय एकही बंदूक शेतवाडीत यायची नाही.

लिंडांचा भाऊ महिनाभरानं टेनेसीहून आला. पंच्याहत्तरीचा, उंच, वाकलेला माणूस. गोळी त्यानं तळहातावर घेतली आणि बहिणीकडे पाहिलं. बाईंनी त्याच्या हातात गज दिला. "आत गंज आहे," त्या म्हणाल्या. "पुसायला घ्या." त्यानं दोन दिवस पुसलं. लिंडा शेजारी बसून त्याला धागा गुंडाळून देत होत्या. पुढं एका कारागिरानं नळी नीट तपासली आणि ती बार सोसेल असा निर्वाळा दिला.

गेल्या शरदात बाईंच्या मुलाची नोकरी बॉथेलला गेली. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. बाईंच्या गुडघ्यांनी तोवर दगा दिला होता, विमानात चढायची त्यांना धास्ती होती, पण मुलाबरोबर जाणं भाग होतं. शेतवाडीवाल्यांनी शेवटच्या शनिवारी त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर सात जण सात बंदुका घेऊन ओळीनं उभे राहिले. सातवी लिंडांच्या घरची, लिंडांच्याच हातात. चकमकीच्या सात बंदुका म्हटल्यावर एखादी तरी रुसतेच. ठिणगी पडते, बार निघत नाही. जमलेल्या लोकांनाही ते ठाऊक होतं.

पहिला बार झाला. दुसरा, तिसरा. चौथ्या बाराला मेंढ्या पळाल्या. पाचव्याला बाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागल्या, मी धरायला गेले तर मला बाजूला सारलं. सहावा झाला. लिंडांनी चाप ओढला आणि सातवा बार असा सणसणीत झाला की समोरच्या पाइनच्या झाडीतून आवाज परत आला. गर्दीतून आरोळी उठली. वॉल्टर टोपी काढून उभे होते. बाईंना हल्ली कमी ऐकू यायचं आणि धुरात काही दिसत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला.

"सातही उडाल्या?"

"सातही, बाई."

"मग जायला हरकत नाही," बाई म्हणाल्या, आणि धूर विरेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.