नवऱ्यांना चहाला पिटाळणाऱ्या मालनबाई

पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना रांझीच्या मालनबाई स्वतः दवाखान्यात घेऊन जातात, आणि सोबतच्या नवऱ्याला हमखास चहाला पिटाळतात.

शेजारच्या प्रणोतीच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला त्रास विचारला, तर तिचा नवरा जगदीशच बोलू लागला, "पिशवीच काढून टाका, मॅडम."

मालनबाईंचं डोकं फिरलं. "काहून रे, पाळी तुले येते काय? जा, अद्रकवाला चहा घेऊन ये!"

तो गेला तशी प्रणोती हळूच म्हणाली, "मला अजून एक लेकरू पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. औषधं आहेत, नुसत्या गाठीही काढता येतात, तपासून आपण मिळून ठरवू, असं त्यांनी निवांत समजावलं.

चहा काही आला नाही. येणार नव्हताच. नवऱ्यांना गप्पांत गुंतवायला मालनबाईंचे रत्नाकरराव टपरीवर बसलेलेच असतात. दोघी बाहेर आल्या तेव्हा ते जगदीशला सांगत होते, "डॉक्टरीणबाईनं मलेबी असंच चहाले पाठवलं होतं, भैया. मीबी 'पिशवी काढा'च म्हणून राहिलो होतो."

"मग?"

"मग काय, दोन सालांनी आमची पायल झाली."